बावीस कॉम्प्युटर आणि एक यादी: ॲपलॉकरचा सव्वा वर्षाचा अनुभव

वजनकाट्याच्या केबिनमध्ये एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्यावर पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कुणीतरी करून दिलेलं काट्याचं सॉफ्टवेअर चालतं. करून देणारा माणूस आता कुठे असतो कुणाला ठाऊक नाही, त्याचा नंबर लागत नाही, सीडी कधीच हरवली. ट्रक काट्यावर चढला की स्क्रीनवर आकडा स्थिरावतो, बटण दाबलं की पावती निघते. दिवसभर एवढंच. इतक्या वर्षांत त्या फाइलमधलं एक अक्षरही बदललेलं नाही. मी जेव्हा या ऑफिसात ॲपलॉकर (यादीत असलेलीच सॉफ्टवेअर चालू देणारी विंडोजमधली सोय) बसवायला घेतलं तेव्हा मला सगळ्यात जास्त धास्ती याच मशीनची होती, आणि सगळ्यात कमी त्रास यानेच दिला. ते कसं, ते पुढे येईल.

मी इचलकरंजीत कॉम्प्युटर आणि नेटवर्किंगची कामं करतो. गिऱ्हाइकं म्हणजे सुताचे व्यापारी, सायझिंगवाले (विणण्याआधी सुताला खळ लावणारे), दोन दवाखाने आणि एक पतसंस्था. ज्या सायझिंगचा हा अनुभव आहे तिथे बावीस कॉम्प्युटर आहेत: हेड ऑफिसात तेरा, सायझिंगवर सहा, गोडाऊनला दोन आणि काट्यावर हा एक. सर्व्हर म्हणावा असा सर्व्हर नाही, डोमेन (सगळ्या मशीनना एकाच जागेवरून नियम लावायची सोय) नाही. लहान गावातल्या बहुतेक धंद्यांची हीच तऱ्हा असते, म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय. मोठ्या कंपनीत वीस माणसांचा आयटी विभाग ज्या पद्धतीने हे करतो, ते वाचून आपल्याला काही उपयोग होत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे दणका बसला. डिस्पॅच बघणाऱ्या पोराला मेल आली. सोबत ‘पेमेंट ॲडव्हाइस’ नावाची झिप, आत पीडीएफचं चित्र चिकटवलेली ईएक्सई फाइल, म्हणजे उघडली की चालणारा प्रोग्राम. विंडोज आपणहून फाइलचं आडनाव (नावाच्या शेवटचं .pdf, .exe) लपवून ठेवतं, त्यामुळे पोराला ते पीडीएफच वाटलं. त्याने डबल क्लिक केलं, काही उघडलं नाही, म्हणून परत केलं. दुपारी जेवून आले तेव्हा तीन मशीनवरच्या फाइलींची नावं बदललेली आणि प्रत्येक फोल्डरात पैसे मागणारी एक चिठ्ठी. अँटिव्हायरस विकतचा होता, अपडेट होता, कोपऱ्यात हिरवी खूण दाखवत बसला होता. बॅकअपची हार्डडिस्क त्याच मशीनला कायमची लावून ठेवलेली, तीही गेली. (ती तशी लावून ठेवायला मीच सांगितलं होतं. लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.) शेठनी पैसे दिले नाहीत. चार महिन्यांची बिमांची (सूत गुंडाळलेल्या मोठ्या रुळांची) नोंद कागदी रजिस्टरवरून परत भरली. दोन मुली दिवाळीपर्यंत तेच करत होत्या.

त्यानंतर शेठनी मला समोर बसवून एकच प्रश्न विचारला, "ते पोरगं चुकलं, मान्य. पण आमच्या कॉम्प्युटरनं कुणी पण सांगितलं की चालवायचंच कशाला?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. अँटिव्हायरसकडे चोरांचे फोटो असतात, फोटोत नसलेला चोर सरळ आत येतो. व्हाइटलिस्टिंगचा, म्हणजे परवानगीच्या यादीचा, हिशेब रेशनकार्डाचा आहे. कार्डावर नाव असेल त्यालाच धान्य, बाकीच्यांनी कितीही ओळख सांगितली तरी नाही. अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेने २०१५ मध्ये यावर आख्खी मार्गदर्शिका काढली आहे, आणि ऑस्ट्रेलियाचं सायबर खातं सरकारी कार्यालयांना ज्या आठ गोष्टी करायला सांगतं त्यातही हे आहे. म्हणजे कल्पना नवीन नाही. आपल्याकडे लहान धंद्यात कुणी वापरत नाही, एवढंच.

आधी आम्ही विकतचं एक बघितलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण कदाचित मोठ्या ठिकाणी ते चांगलं चालत असेल. कोल्हापूरहून दोघं आले, गळ्यात आयकार्ड, लॅपटॉपवर चकचकीत डॅशबोर्ड. दर मशीनला दर वर्षाला ठरावीक रक्कम, आणि कमीत कमी पन्नास मशीनचं लायसन घ्यायचं. आमच्याकडे बावीस. "पुढे वाढतील की साहेब," म्हणाले. ते जाऊ दे. खरी गंमत ट्रायलमध्ये झाली. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘शिकण्याचा’ मोड होता: आठ दिवस मशीनवर जे जे असेल ते चांगलं समजून यादीत घ्यायचं आणि नंतर दार बंद करायचं. अकाउंट्सच्या एका मशीनवर आठ दिवसांनी यादी उघडून बघितली तर त्यात पीडीएफ एडिटरचं क्रॅक (पैसे न देता वापरायला फोडलेली प्रत), ते क्रॅक चालवायला लागणारा की-जनरेटर आणि एक टोरेंटचं सॉफ्टवेअर, तिघंही सन्मानाने ‘विश्वासू’ म्हणून बसलेले. मी त्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, "सर, तुम्ही आधी मशीन क्लीन करून घ्यायला पाहिजे होतं." मग तुमचं काम काय, असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

त्या संध्याकाळी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, विंडोजमध्येच आहे की ते. ॲपलॉकर बघ."

ॲपलॉकर विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये आलं. त्याच्या आधी एक्सपीत त्याचा जुना भाऊ होता, सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसीज नावाचा. माझ्यासारख्यांनी ॲपलॉकरकडे बघितलंच नाही, कारण विंडोज ७ मध्ये ते फक्त एंटरप्राइज आणि अल्टिमेट आवृत्तीत लागू व्हायचं. प्रोफेशनलमध्ये नियम लिहिता यायचे पण ते पाळले जायचे नाहीत. आमच्याकडे जवळजवळ सगळी प्रो. नंतर मायक्रोसॉफ्टने ती अट काढली, आता अपडेट असलेल्या विंडोज १० आणि ११ च्या प्रोवर चालतं. ही बातमी मला दीड-दोन वर्षं उशिरा कळली. जादा पैसे लागत नाहीत. स्टार्टमध्ये लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडायची, त्यात ॲप्लिकेशन कंट्रोल पॉलिसीजच्या खाली ते बसलेलं असतं. होम आवृत्तीत मात्र ती खिडकीच उघडत नाही. आणि आख्ख्या कंपनीत होम आवृत्ती कुणाच्या लॅपटॉपवर होती? शेठच्या. मॉलमधून स्कीममध्ये घेतलेला.

नियम तीन प्रकारे लिहिता येतात. मी ऑफिसातल्या लोकांना नाव, पत्ता आणि अंगठा असं सांगितलं. नाव म्हणजे पब्लिशर: फाइलवर ज्या कंपनीची डिजिटल सही आहे तिच्यावर विश्वास. सॉफ्टवेअर अपडेट झालं तरी सही तीच राहते, म्हणून हा नियम टिकाऊ. पत्ता म्हणजे पाथ: अमुक फोल्डरात आहे ना, मग चालू दे. लिहायला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात घातकी, कारण त्या फोल्डरात साध्या युजरला फाइल टाकता येत असेल तर चोरालाही येते. अंगठा म्हणजे हॅश: त्या एकाच फाइलचा ठसा. एक बाइट बदलला की ठसा बदलला, नियम गेला. रोज अपडेट होणाऱ्या सॉफ्टवेअरला हॅश लावणं म्हणजे रोज सकाळी नवीन नियम लिहीत बसणं.

आणि इथेच काट्याचा कॉम्प्युटर शहाणा ठरला. त्या सॉफ्टवेअरला सही नाही, म्हणजे नाव नाही. ते डी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरातून चालतं आणि पावत्यांचा डेटा त्याच फोल्डरात लिहितं, म्हणजे फोल्डर सगळ्यांना उघडा, पत्त्यावर विश्वास नाही ठेवता येत. राहिला अंगठा. आणि फाइल कधीच बदलत नसल्याने अंगठा कायमचा लागू. पाच मिनिटांत काम झालं, सव्वा वर्षात एकदाही हात लावावा लागला नाही. करणारा गायब झालाय याचा फायदा झालेला मी पहिल्यांदाच बघितला.

बाकी मशीनवर मात्र मी व्यवस्थित आपटलो. पहिली चूक अशी: ॲपलॉकरमध्ये एकही नियम नसेल तर सगळं चालतं, पण एक जरी नियम लिहिला की त्या प्रकारातलं बाकी सगळं बंद. मी आपला उत्साहात पहिला नियम अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचा लिहिला आणि डिफॉल्ट नियम बनवायचे विसरलो. वर परत, ‘कॉन्फिगर केलेलं नाही’ असं दिसत होतं म्हणून मला वाटलं अजून काही लागू नाही. प्रत्यक्षात नियम असले आणि ती खूण मोकळी असली तरी ते लागूच होतात. फक्त निरीक्षण हवं असेल तर तिथे मुद्दाम ऑडिट निवडावं लागतं. नशीब, ते माझ्या दुकानातलं टेस्टचं मशीन होतं. अर्धं विंडोज मुकं होऊन बसलं.

दुसरी चूक जास्त मजेशीर. ईएक्सईचे नियम लागू केले आणि स्टोअरमधून येणाऱ्या पॅकेज ॲपचे नियम लिहिलेच नाहीत, तर ती सगळी ॲप बंद पडतात. हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. मी वाचलं नव्हतं. विंडोज १० मध्ये कॅल्क्युलेटर हे असलंच पॅकेज ॲप आहे. त्यामुळे अकाउंट्समध्ये ज्या पहिल्या मशीनवर बसवलं तिथे हिशेबनीस काकांचा कॅल्क्युलेटर उघडेना. काका चाळीस वर्षं या पेढीवर आहेत. त्यांनी काही न बोलता ड्रॉवरमधून जुना सोलरचा कॅल्क्युलेटर काढला, टेबलावर माझ्या समोर ठेवला आणि बेरजा करायला लागले. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

तिसरी गोष्ट चूक म्हणता येणार नाही, अडचण म्हणा. हे सगळं ‘ॲप्लिकेशन आयडेंटिटी’ नावाच्या सर्व्हिसवर चालतं. ती बंद असली की नियम नुसते कागदावर. आणि विंडोज १० मध्ये सर्व्हिसेसच्या खिडकीतून तिला ऑटोमॅटिक करता येत नाही, कमांड देऊन किंवा पॉलिसीतून करावं लागतं. दोन मशीनवर हे करायचं राहून गेलं होतं आणि महिनाभर मी समजत होतो की तिथे सगळं आलबेल आहे.

आता ऑडिटबद्दल, कारण या प्रकरणात खरा माल तिथेच आहे. ऑडिट मोडमध्ये ॲपलॉकर अडवत काहीच नाही, फक्त लिहून ठेवतं: ही फाइल अडवली असती. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ८००३ क्रमांकाची नोंद पडते. खरोखर अडवलं की ८००४. बावीस मशीनच्या नोंदी हाताने बघणं अशक्य, म्हणून भाच्याने पॉवरशेलमध्ये वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली. मी पेन ड्राइव्ह घेऊन मशीन-मशीन फिरायचो, स्क्रिप्ट नोंदी उचलायची आणि एका एक्सेलमध्ये ओतायची: फाइल, फोल्डर, सही कुणाची, किती वेळा चालली, कोणत्या मशीनवर. १२ नोव्हेंबर २०२४ ला ऑडिट सुरू केलं.

ती एक्सेल वाचणं म्हणजे ऑफिसच्या लोकांच्या खिशात हात घालण्यासारखं होतं. लुडो सापडला, तोही दोन वेगवेगळ्या मशीनवर आणि वेळ नेमकी दुपारी दोन ते अडीच. यूट्यूबवरून गाणी उतरवायची तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर. दूरून मशीन चालवायची चार पोर्टेबल सॉफ्टवेअर डाउनलोड्समधून चालत होती. त्यातलं एक प्रिंटरवाल्याने टाकलेलं, एक लूमच्या पार्टवाल्याने, एक मी स्वतः, आणि चौथं कुणी टाकलं हे अजून कळलेलं नाही. त्या चौथ्याने माझी दोन रात्री झोप उडवली. आणि हिशेबनीस काकांच्या मशीनवर कुंडलीचं सॉफ्टवेअर! आख्ख्या ऑफिसची, इतकंच काय शेठच्या व्याह्यांची कुंडली तिथूनच निघते, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

कुंडलीचं काय करायचं यावर शेठच्या केबिनमध्ये पाऊण तास बैठक झाली. अकाउंटिंगच्या मशीनला पासवर्ड काय ठेवायचा यावर कधी पाच मिनिटं झाली नव्हती. शेवटी ती फाइल तपासून घेतली आणि हॅशने यादीत घातली. कॅल्क्युलेटरची उधारी तिथे फिटली.

लुडो गेला. तो खेळणाऱ्या दोन मुली अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

याच काळात सगळ्यांचे ॲडमिनचे अधिकार काढले. हे आधी करायलाच लागतं, कारण ॲपलॉकरचा डिफॉल्ट नियमच असा आहे की ॲडमिनला सगळं मोकळं. सगळेच ॲडमिन असतील तर यादी करून उपयोग काय? शेठच्या लॅपटॉपवर प्रो घेतलं आणि दोन खाती केली, रोजचं साधं आणि एक ॲडमिनचं. ॲडमिनचा पासवर्ड पाकिटात घालून तिजोरीत. त्यांनी तो आतापर्यंत तीनदा काढलाय, तिन्ही वेळा मला फोन करून. हे मी अपेक्षेपेक्षा बरंच चांगलं धरतो.

डिफॉल्ट नियमात आणखी एक भोक आहे. तो आख्ख्या विंडोज फोल्डरला परवानगी देतो, आणि त्या फोल्डरच्या पोटात टास्क्स, टेम्प, ट्रेसिंग असे काही फोल्डर आहेत जिथे साध्या युजरलाही फाइल टाकता येते. म्हणजे चोराने तिथे फाइल ठेवली की तो घरचाच. हे अपवाद म्हणून काढून टाकावे लागतात. कुणी नुसतं ‘डिफॉल्ट बनवा’ म्हणून थांबला असेल तर त्याने आज संध्याकाळी परत उघडून बघावं.

शुक्रवार, ६ डिसेंबरला ऑडिट संपवून नियम लागू केले. चार दिवस शांतता. मी स्वतःवर खूश. ११ तारखेला संध्याकाळी मी जयसिंगपूरला लग्नात होतो, पानात नुकती जिलेबी पडली होती, आणि फोन आला. "दादा, सही होईना. चौकोन आलाय, इंग्लिशमधी कायतरी लिहिलंय. आज अकरा तारीख हाय." जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, शेवटची तारीख. डिजिटल सहीचं जे छोटं सॉफ्टवेअर असतं ते चालताना टेम्प फोल्डरात स्वतःची एक फाइल सोडून तिला चालवतं, आणि ॲपलॉकरने तिला दारातच अडवलं.

कारण अगदी साधं. मी ऑडिट १२ नोव्हेंबरला सुरू केलं, म्हणजे आदल्या रिटर्नच्या दुसऱ्या दिवशी, आणि संपवलं ६ डिसेंबरला, म्हणजे पुढच्या रिटर्नच्या आधी. त्या पंचवीस दिवसांत सहीचं सॉफ्टवेअर एकदाही चाललं नव्हतं. नोंदीत येणार कुठून? इंटरनेटवरच्या बहुतेक सल्ल्यांत दोन-तीन आठवडे ऑडिट करा असं असतं. आपल्या धंद्याचं चक्र महिन्याचं आहे: ७ ला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ. शिवाय टीडीएसचं रिटर्न तीन महिन्यांनी येतं. पूर्ण महिना ऑडिट ठेवा, आणि तिमाहीला लागणारी सॉफ्टवेअर त्या महिन्यात एकदा मुद्दाम चालवून घ्या. मला हे जिलेबी सोडून मोटरसायकलवर इचलकरंजीला येताना सुचलं. साडेनऊला पोहोचलो, सहीवाल्या कंपनीचा पब्लिशर नियम लिहिला, दहा वाजून दहा मिनिटांनी रिटर्न गेलं. काकांनी चहा पाजला, कुंडली बघू का म्हणाले.

आता ज्यासाठी केलं ते झालं का? जुलै २०२५ मध्ये गोडाऊनच्या पोराचा फोन आला, परत तोच चौकोन. ट्रान्सपोर्टवाल्याने पेन ड्राइव्हवर बिलं दिली होती, आणि पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरचं चित्र लावलेली एक ईएक्सई होती. पोराने फोल्डर समजून उघडायला बघितलं. नोंद ८००४, वेळ ४ वाजून १७ मिनिटं. मी त्या फाइलचा ठसा ऑनलाइन तपासला तर बऱ्याच अँटिव्हायरस कंपन्या तिला ओळखत होत्या. त्या दिवशी त्या मशीनवरचा अँटिव्हायरस मात्र आठ दिवस अपडेट झालेला नव्हता, कारण गोडाऊनचं नेट बंद होतं. यादीला नेट लागत नाही. शेठना फोन करून सांगितलं, तर त्यांनी आधी ट्रान्सपोर्टवाल्याला झापलं आणि मग मला म्हणाले, "म्हणजे पैसे वसूल?" पैसे कसले वसूल, सॉफ्टवेअर फुकटचं आहे. पण म्हटलं, हो.

ज्याच्यावर चालत नाही तेही सांगितलं पाहिजे. एक्सेलचा मॅक्रो (शीटमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्राम) हा एक्सेलच्या पोटात चालतो, एक्सेल यादीत असल्याने ॲपलॉकर तिकडे बघत नाही. जावा यादीत असेल तर जावाची कुठलीही जार फाइल (जावात लिहिलेला प्रोग्राम) चालते. विंडोजचीच काही हत्यारं चोराच्या हाती लागतात: २०१६ मध्ये केसी स्मिथ या संशोधकाने दाखवलं की विंडोजबरोबर येणाऱ्या रेगसर्व्हर नावाच्या साध्या फाइलकरवी इंटरनेटवरची स्क्रिप्ट चालवता येते, ॲडमिन नसताना आणि ॲपलॉकरला चुकवून. विंडोजच्याच एमशटा आणि एमएसबिल्ड या फाइलींचाही असाच गैरवापर होतो. ती दोन मी साध्या युजरला सरळ बंद केली. अजून कुणाचं काही अडलेलं नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतःच म्हणतं की ॲपलॉकर हा संरक्षणाचा एक जादा थर आहे, अभेद्य भिंत म्हणून त्याच्याकडे बघू नका. आणि वीजबिल भरलं नाही म्हणून आज रात्री लाइट कापणार, असा मेसेज आल्यावर कुणी ओटीपी सांगून टाकला, तर त्याला जगातली कुठलीही यादी उपयोगाची नाही.

या विषयावर वाचताना बिट९ ची गोष्ट सापडली. अमेरिकेतली ही कंपनी व्हाइटलिस्टिंगचंच सॉफ्टवेअर विकायची, त्यातली नावाजलेली. फेब्रुवारी २०१३ मध्ये उघड झालं की चोर त्यांच्याच नेटवर्कमध्ये शिरले, कंपनीची सही करायची किल्ली वापरून आपल्या व्हायरसवर सही केली आणि तो त्यांच्या तीन गिऱ्हाइकांकडे पोहोचला. कंपनीने कबूल केलं की स्वतःच्याच काही मोजक्या मशीनवर स्वतःचं सॉफ्टवेअर बसवायचं राहिलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणून हसलो, आणि मग हसू थांबलं. बावीस मशीनना ज्या पेन ड्राइव्हने नियम घालत फिरत होतो तो ज्या लॅपटॉपला लागतो, त्या माझ्या लॅपटॉपवर काहीही नव्हतं. त्याच रात्री बसवलं.

ज्या मशीनवर रोज तेच ते चालतं तिथे ही पद्धत चपखल बसते. काट्याचा कॉम्प्युटर तसा आहे, आणि एटीएमही तसंच. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ च्या परिपत्रकात बँकांना एटीएमवर व्हाइटलिस्टिंग बसवायला मार्च २०१९ ची मुदत दिली होती, ती उगाच नाही. याउलट डिझाइनवाला, प्रोग्रामर, रोज नवीन काहीतरी उतरवून बघणारा माणूस असेल तर दोघांचंही डोकं फिरेल. भाच्याच्या मशीनवर मी हे सुचवलंसुद्धा नाही.

मायक्रोसॉफ्ट आता ॲपलॉकरमध्ये नवीन काही घालत नाही. त्यांचा भर ॲप कंट्रोल फॉर बिझनेसवर आहे, जे आधी डिव्हाइस गार्ड आणि मग डब्ल्यूडॅक या नावांनी फिरत होतं. ते ड्रायव्हरपर्यंत खाली जातं आणि ॲडमिनलाही सोडत नाही. पक्कं आहे, पण चुकीचा नियम लागला तर मशीन सुरूच होणार नाही अशी वेळ येऊ शकते. एकट्या माणसाने बावीस मशीनवर ते पेलायचं म्हणजे... मी आधी काट्यावर करून बघणार आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट संपले, त्या निमित्ताने सहा मशीन नवीन आली, त्यातलं एक काट्याला मिळणार आहे. जुन्यातली सिरियल पोर्टची केबल नव्यात कुठे लावायची हा प्रश्न त्याआधी सुटला पाहिजे.

खर्चाचं विचाराल तर मी मजुरीचे अठरा हजार एकरकमी घेतले. आज विचारलं तर तीस सांगेन, कारण डिसेंबर ते फेब्रुवारी जवळजवळ रोज एक फोन होता. आता महिन्याला दोन-तीन. पाचपैकी चार तारे. एक तारा त्या चौकोनासाठी कापतोय: साध्या माणसाला तो ‘तुमच्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरने अडवलंय’ एवढंच इंग्रजीत सांगतो, आणि लोकांना वाटतं मी मुद्दाम त्यांच्या मागे लागलोय. पॉलिसीतून तिथे मदतीच्या पानाची लिंक देता येते. मी दिली आहे, आजवर कुणी दाबलेली नाही. सगळे फोनच करतात.

म्हणून आता रिसेप्शनवर एक दोनशे पानी वही ठेवली आहे. नवीन सॉफ्टवेअर हवं असेल तर त्यात लिहायचं: नाव, कशाला हवं, कुणी सांगितलं. मी शनिवारी येऊन बघतो. मागच्या शनिवारी तीन नोंदी होत्या. कुरिअरच्या लेबलचं एक, ते दिलं. युनिकोडचा नवा मराठी कीबोर्ड, तोही दिला. तिसरी शेठच्या अक्षरात: शेअर बाजाराचं काहीतरी, कशाला हवंच्या रकान्यात ‘हवं’, आणि कुणी सांगितलंच्या रकान्यात ‘व्हॉट्सॲप ग्रुप’. त्याच्यापुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून आलोय.